नदी नसलेल्या गावाचं बेट

सोलापूरला नदी नाही. सीना तिऱ्ह्याच्या पुलाखालून परस्पर निघून जाते आणि भीमा गाठायची तर विजापूर रस्त्यानं पार टाकळीपर्यंत जावं लागतं. पाऊस वर्षाकाठी जेमतेम ५५०-६०० मिलिमीटर. मे महिन्यात पारा ४३-४४ वर ठाण मांडून बसलेला. प्यायचं पाणी १०० किलोमीटरहून लांबच्या उजनी धरणातून नळानं येणार, तेही चार-पाच दिवसांआड. असल्या गावाला बेट असावं, आणि तेही ऐन वस्तीच्या मधोमध, याचं आम्हाला लहानपणी काडीचंही नवल नव्हतं. सिद्धेश्वराच्या देवळात जायचं म्हणजे तलावातल्या वाटेनं पाण्याच्या आत जायचं, हे आम्ही गृहीतच धरलेलं.

वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. रातपाळी सुटली की ते थेट घरी येत नसत, आधी तलावावर जात. शाळेला सुट्टी असली की मीही आईनं दिलेला चहाचा थर्मास घेऊन तिकडं पळायचो. घाटाच्या पायरीवर बसलेले, विजार गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, पाय पाण्यात. भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर, मनगटाच्या केसांवर कापसाचा पांढरा भुगा. तो ते ओल्या पंच्यानं सावकाश पुसायचे आणि पंचा पिळला की पाण्यावर तंतूंचा बारीक तवंग पसरायचा. मागाच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नसे. घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारी ऐकू जायचं. इथं मात्र त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. देवळाकडं बोट दाखवून मी आत जाऊ या म्हणालो, तर म्हणायचे, “देव कुठं पळून चाललाय का? आधी वारं घे.”

आज्जीचं अगदी उलट. श्रावणातल्या सोमवारी तिला दर्शन हवं, समाधीपुढं डोकं टेकायला हवं आणि शेवटी माशांना कणकेच्या गोळ्या. लिंबाच्या सावलीत बसून ती सिद्धेश्वराच्या, म्हणजे सिद्धरामाच्या, गोष्टी सांगायची. कुंभाराच्या मुलीनं त्याच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यानं आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, ही तिची आवडती. त्याच लग्नाच्या अक्षता अजून दर संक्रांतीला सम्मती कट्ट्यावर पडतात. बाराबंदी घातलेले लोक सात नंदीध्वज तोलत येतात, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, आकाशपाळणे लागतात. गड्ड्याविषयी लिहायला घेतलं तर हा लेख तिथंच संपेल, म्हणून पुढं जातो.

हे बेट कुणीतरी केलेलं आहे, हे मला कॉलेजात असताना कळलं, आणि तेही आमच्या वाड्यातल्या एका कन्नड मास्तरांकडून. बाराव्या शतकातला सिद्धरामेश्वर श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा भक्त. त्या काळी सोन्नलगी म्हटल्या जाणाऱ्या या गावात त्यानं अडुसष्ट लिंगं स्थापली आणि लोकांना हाताशी धरून तलाव खोदला. त्याची वचनं कन्नडात, त्याचं चरित्र राघवांकानं लिहिलं तेही कन्नडात. सोलापूरचं हे ग्रामदैवत मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत नवस ऐकतं, त्याचं मूळ इथं आहे.

पण मास्तरांनी सांगितलेली खरी गोष्ट संत अल्लमप्रभूंची. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात ती येते. तलावाचं काम जोरात चालू असताना अल्लमप्रभू तिथं आले आणि तुमचा तो माती खणणारा वड्डर राम कुठंय, असं त्यांनी विचारलं. खोदणाऱ्यांना आपल्या गुरूचा हा अपमान सोसवेना. हातातली कामं टाकून त्यांनी या परक्या जोग्यावर दगडांचा मारा केला. पुढं सिद्धराम आला, दोघांचा वाद झाला, बाहेर तळी खणून आतलं ज्ञान मिळत नाही हे त्याला पटलं आणि तो अल्लमांबरोबर बसवण्णांच्या कल्याणला गेला. गोष्टीचा रोख स्पष्ट आहे. मास्तर हे सांगताना अल्लमांच्या बाजूचे असत. मी मात्र तेव्हाही दगड मारणाऱ्यांच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. आत्मज्ञान थोर खरंच, पण त्या लोकांनी टोपल्या खाली ठेवून दिल्या असत्या तर माझ्या बापानं आठ तासांची पाळी करून पाय कशात बुडवले असते? वड्डर समाज आजही सिद्धरामाला आपला गुरू मानतो, यात मला सगळं आलं.

पुढं बँकेत लागलो, बदल्या झाल्या, सोलापूर सणासुदीपुरतं उरलं. पक्ष्यांचा नाद याच काळात लागला, तो आमच्याच गावात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांमुळं. सुट्टीत आलो की तलावावर टिबुकली दिसते का, पाणकावळे पंख वाळवत बसलेत का, हे बघायची सवय लागली. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडंच वर येते; कुठं येईल यावर मी नि वडील चहाच्या पैजा लावायचो. म्हातारपणी त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, पण पैजा तेच जिंकायचे.

निवृत्त होऊन परतलो त्या सुमारास भाची नोकरीनिमित्त बुडापेस्टला गेली. डॅन्यूब नदीतल्या मार्गिट बेटावरून ती व्हिडिओ कॉल करते. अडीच किलोमीटर लांबीची बागच ती, मधून लोक पळतायत, सायकली चालवतायत. “मामा, आपल्याकडं असं पाहिजे होतं.” तिला म्हटलं, आहे की. ती हसली. पण मग तिनंच सांगितलं की तिथंही तेराव्या शतकात राजा बेलाची मुलगी मार्गिट संन्यासिनी होऊन मठात राहिली आणि तिचंच नाव बेटाला पडलं; शिवाय मूळची ती तीन बेटं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भराव टाकून जोडलेली. म्हणजे तिथंही संत आहे आणि तिथंही माती टाकणारे हात आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या बेटाला डॅन्यूब आयती मिळाली. आमचं पाणी थांबलेलं. पावसानं भरायचं आणि उन्हानं आटायचं.

थांबलेलं पाणी राखावं लागतं. निर्माल्य, साबण, सांडपाणी, काय काय त्यात जातं आणि त्यावर शेवाळ माजतं. उन्हाळ्यात काही दिवस तलाव असा गडद हिरवा होतो की लांबून येणाऱ्याला ती हिरवळच वाटावी. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच तो ओढून घेतं. त्यामुळं पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी. त्या वेळी घाटावर गेलं तर माशांची शेकडो तोंडं पृष्ठभागावर उघडझाप करताना दिसतात. काही वर्षी मेलेल्या माशांचा खच पडतो आणि वास पार किल्ल्याच्या तटापर्यंत जातो. २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या २० स्मार्ट शहरांत सोलापूर आलं. मग सुशोभीकरण हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी झाला. तलावाभोवतीच्या दिव्यांचं मला वावडं नाही. संध्याकाळी ते पाण्यात छान दिसतात. पण गाळ काढला तर त्याचा फोटो निघत नाही, ही अडचण आहे. सिद्धरामाच्या काळी बहुधा नव्हती.

आता रोज सकाळी आम्ही दोघं जातो. बायको वाटेत चुरमुऱ्यांचा पुडा घेते. शिळं अन्न पाण्यात कुजतं, शेवाळाला खत मिळतं, हे मी तिला समजावून थकलो.

“एवढ्याशा चुरमुऱ्यानं काय होतंय हो?”

“तुझ्यासारख्या किती जणी येतात, मोज जरा.”

“तुमच्या आज्जी कणीक टाकायच्या, तेव्हा बोललात का कधी?”

तेव्हा पाणी निराळं होतं, माणसं कमी होती, असं मी सांगू लागतो. तोवर तिनं पुडा सोडलेला असतो. वर मलाच म्हणते, “जरा सरका, मासे तुमच्या पायाशी आलेत.”