उत्तरे शेवटच्या पानावर

इंदूरमध्ये वाढलेल्या माणसाच्या आयुष्यात सराव प्रश्नोत्तरांचे पुस्तक निदान तीनदा येते. पहिल्यांदा नववी-दहावीत, विज्ञान, गणित आणि सामाजिक शास्त्राची कुंजी म्हणून. राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारातून पाठ्यपुस्तकाबरोबर, कधी कधी त्याच्याही आधी, ती घरी येते. दुसऱ्यांदा पंचविशीच्या आसपास, राज्य लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेसाठी. आयोगाचे मुख्यालय याच शहरात असल्याने बाहेरगावची मुलेही भंवरकुआँ भागात खोल्या घेऊन राहतात आणि त्याच ठोकळ्यांवर रात्री काढतात. तिसऱ्यांदा, स्वतःचे मूल नववीत गेले की. दरम्यान मुखपृष्ठ बदललेले असते, मंडळ बदललेले असते, आणि इथल्या बऱ्याच मराठी घरांत शिक्षणाची भाषाही मराठीवरून हिंदीवर, हिंदीवरून इंग्रजीवर गेलेली असते. पुस्तकाची बांधणी मात्र तीच: वर प्रश्न, लगेच खाली उत्तर. या पुस्तकाला नावे ठेवणारे त्याला घोकंपट्टीचे मूळ मानतात, आणि बाजू घेणारे विचारतात, त्याच्यावाचून पोर पास कसे व्हायचे? दोघांचेही लक्ष एका साध्या गोष्टीकडे जात नाही. प्रश्न वाचून होणे आणि उत्तरावर नजर पडणे, या दोन क्षणांमध्ये मुलाला किती वेळ मिळतो? माझ्या मते सराव प्रश्नोत्तरांचे सगळे बरेवाईट याच वेळेवर ठरते.

सराव प्रश्न ही परीक्षा मंडळांची देणगी नव्हे. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'त नियम सांगून झाला की उदाहरण येते, आणि तेही समोरच्याला उद्देशून विचारलेले. तिथे शिकवणारा आणि विचारणारा एकच आहे. पुढे ही दोन माणसे वेगळी झाली. १९२१ मध्ये संयुक्त प्रांतात हायस्कूल व इंटरमीजिएटचे मंडळ स्थापन झाले, तेव्हा राजपुताना आणि ग्वाल्हेरबरोबर मध्य भारताचा हा प्रदेशही त्याच्या कक्षेत होता. १९२९ मध्ये राजपुताना, अजमेर-मेरवाडा, मध्य भारत आणि ग्वाल्हेर यांच्यासाठी वेगळे मंडळ झाले, आणि त्याचेच १९५२ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे आजचे सीबीएसई, झाले. मध्य प्रदेशचे स्वतःचे मंडळ भोपाळला उभे राहिले ते १९६५ च्या कायद्याने. मंडळाचे गाव बदलत गेले, पण इंदूरच्या वर्गातल्या मुलाला प्रश्न कोण आणि कुठे बसून घालणार, हे त्याच्या गुरुजींनाही ठाऊक नसण्याची रीत कायम राहिली. तिच्यात न्याय आहे. ओळखीपाळखीचा लाभ तिने बंद केला. पण अनोळखी परीक्षकाच्या मनात काय आहे याचा अंदाज सांगणारा मध्यस्थही तिनेच जन्माला घातला. महाराष्ट्रात 'अपेक्षित प्रश्नसंच' आणि आमच्याकडे 'गेस पेपर' विकला जातो तो याच अंदाजाच्या बळावर. अंदाज विकणाऱ्याला मुलाच्या विचार करण्याशी कर्तव्य नसते. त्याला उत्तर चटकन पोचवायचे असते, म्हणून तो ते प्रश्नाला चिकटवूनच छापतो.

आता सरावाच्या बाजूचा पुरावा पाहू, कारण तो भक्कम आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे स्वतःला प्रश्न विचारून आठवायला लावणे हा केवळ तपासणीचा प्रकार नाही, तो शिकण्याचाच एक भाग आहे. कुंजीच्या बाजूने याहून चांगली साक्ष मिळणार नाही. पण याच साक्षीत तिच्याविरुद्धचा मुद्दाही दडलेला आहे. लाभ झाला तो आठवण्याच्या श्रमाचा. उत्तर डोळ्यांसमोर असताना मूल प्रश्न वाचते तेव्हा ते आठवत नसते, पुन्हा वाचत असते. आणि पुन्हा वाचणाऱ्याला पाचव्या मिनिटाला सगळे येते असे वाटते, हीच त्यातली फसगत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा आत्मविश्वास आणि दोन महिन्यांनंतरचा कोरेपणा, दोन्हींचे कारण एकच.

गणिताच्या पुस्तकांनी ही गोष्ट फार पूर्वीपासून सांभाळली आहे. पाठ्यपुस्तकात उदाहरणसंग्रह प्रकरणाच्या शेवटी असतो आणि उत्तरसूची पुस्तकाच्या शेवटी. सूचीत नुसता आकडा असतो, रीत नसते. मुलाला आपले चुकले एवढे कळते. कुठे चुकले ते शोधायला मागे जावे लागते. कुंजीने तेच उदाहरण पायऱ्यांसकट सोडवून दिले आणि हे मागे जाणे संपवले. शिवाय ती एका जातीची उदाहरणे एका ओळीत मांडते. वर्गसमीकरणाच्या प्रकरणात दहाही गणिते वर्गसमीकरणाची, तेव्हा कोणती रीत वापरायची हा निर्णय मुलाला घ्यावाच लागत नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या गणितांवर हे तपासले. एका जातीची गणिते सलग सोडवणाऱ्यांची सरावातली अचूकता ८९ टक्के होती, सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले, सरमिसळवाले ६३ वर. सरावात अडखळणे हे कच्चेपणाचे लक्षण समजून आई-वडील घाबरतात आणि सोडवलेल्या गणितांचे आणखी एक पुस्तक आणून देतात. प्रत्यक्षात त्या अडखळण्यातच मूल रीत निवडायला शिकत असते.

विज्ञानात प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या वेळेला एक जागाही लागते, पुस्तकाबाहेरची. 'कर्कवृत्त भारतातील किती राज्यांतून जाते?' याचे उत्तर आठ, हे इंदूरचे मूल सहज सांगते. पण त्याचे शहर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेव्हा सूर्य वर्षातून दोनदा, जूनच्या आणि जुलैच्या सुरुवातीला, भर दुपारी त्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी विरते. दोनदा का, एकदा का नाही, आणि दिल्लीत एकदाही का नाही, हा प्रश्न कोणत्याही प्रश्न बँकेतल्या प्रश्नापेक्षा कमी परीक्षोपयोगी नाही. फक्त त्याच्या उत्तरासाठी गच्चीवर काठी उभी करावी लागते आणि जुलैत ढग हटण्याची वाट पाहावी लागते.

असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिल्याचे उदाहरण याच राज्यात आहे. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत, सहावी ते आठवीसाठी, विज्ञान शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य'ने ती पुढे माळव्यातही आणली. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या त्यांच्या पुस्तकात प्रश्न भरपूर होते, पण तयार उत्तरे नव्हती. मुलांनी प्रयोग करायचा, निरीक्षण वहीत लिहायचे, गटात वाद घालायचा आणि निष्कर्षाला यायचे. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती, कारण पुस्तकात नक्कल करण्याजोगे उत्तरच नव्हते. प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होती. या कार्यक्रमात 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्र लिहून मनात येईल ते विचारत. इतर शाळांत प्रश्न मुलाकडे येत होते, इथे ते मुलाकडून निघत होते. सुमारे हजार शाळांपर्यंत पोचलेला हा कार्यक्रम राज्य सरकारने २००२ मध्ये बंद केला. ही मुले पुढे नववी-दहावीत नेहमीच्या परीक्षेला कशी टिकणार, हा त्याच्यावरचा आक्षेप होता. आक्षेप पोकळ नव्हता. सहावी ते आठवी एका रीतीने आणि दहावीचे मंडळ दुसऱ्या रीतीने चालणार असेल तर मुलाची ओढाताण होणारच. पण ती मिटवायला वरची परीक्षा बदलता आली असती. बदलली गेली ती खालची शाळा.

नागरिकशास्त्रात तर उत्तर गावागणिक बदलते. 'महापौराची निवड कोण करतो?' महाराष्ट्रातल्या कुंजीत उत्तर असते, नगरसेवक. इंदूरमध्ये २०२२ च्या निवडणुकीत महापौर थेट मतदारांनी निवडला. म्हणजे पुण्याच्या भाचीचे पुस्तक इंदूरच्या मामेभावाला चालत नाही, आणि हे का, असे विचारले तरच दोघांना राज्याच्या कायद्याचा अर्थ कळतो. मूलभूत कर्तव्यांच्या बाबतीतही पाठांतर पुरत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दहा आली, २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अकरावे जोडले गेले. हे पाठ असलेला माणूस कचरा रस्त्यावर टाकू शकतो. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले राहिले, ते पर्यावरण रक्षणाचे कलम पाठ करून नव्हे. रोज सकाळी दाराशी येणारी गाडी ओला कचरा वेगळा, सुका वेगळा मागते, आणि एकत्र दिला तर दंडाची भीती असते. एका शहराने केलेला हा रोजचा सराव आहे, आणि यात उत्तर हाताने द्यावे लागते. त्याची मर्यादाही सांगायला हवी. ही शिस्त सांगितलेले करण्याची आहे. आपल्या प्रभागाला किती निधी मिळाला आणि तो कुठे गेला, हे विचारण्याची सवय वेगळी, आणि ती ८५ प्रभागांच्या या शहरात गाडीने लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सारे खाऊनपिऊन सुखी घरांसाठी ठीक आहे. ज्याच्या घरात दहावीपर्यंत कोणी पोचलेले नाही, ज्याच्या वर्गात शिक्षकाची जागा रिकामी आहे, त्याच्यासाठी कुंजी हाच एकमेव मास्तर असतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच उत्तरे काढून टाका असे मी म्हणत नाही. एकट्या शिकणाऱ्याला उत्तर इतरांहून जास्त लागते, आपले बरोबर की चूक हे सांगणारे दुसरे कोणी त्याच्याजवळ नसते. पण चांगला मास्तर प्रश्न विचारून थांबतो. पुस्तकाला थांबता येत नाही, तेव्हा ते काम छपाईच्या मांडणीने करावे लागते: प्रश्न इथे, उत्तर मागे, आणि उत्तरात निव्वळ वाक्य नको, ते तसे का याचे कारण हवे. याला जास्त कागद लागत नाही. एकट्या मुलाला याचाच सर्वांत जास्त उपयोग होईल, कारण शिकवणीतून मिळणारे 'थांब, आधी विचार कर' हे शब्द त्याला दुसरीकडून मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. परीक्षा जशी तसा सराव; कुंजीने निकाल लागतो, मग वाद कशाला? पण निकाल काय मोजतो ते पाहा. महाराष्ट्रात दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळांतर्गत गुण काढले आणि तो ७७.१० वर आला; २०२० मध्ये ते गुण परतले आणि निकाल ९५.३० वर गेला. लाखो मुलांची समज वर्षात बारा टक्क्यांनी घटून पुढच्या वर्षी अठरांनी वाढत नाही. तेव्हा निकालावरून कुंजीची योग्यता ठरवणे फसवे आहे. परीक्षाही हळूहळू सरकते आहे. सीबीएसईच्या नववी-दहावीत आता निम्मे प्रश्न क्षमताधारित, म्हणजे शिकलेले नव्या प्रसंगाला लावून पाहणारे असतात. बाजाराने लगोलग त्यांचेही सोडवलेले संच काढले. पण नव्या प्रसंगाचा प्रश्न उत्तरासकट वाचला की तो प्रसंग नवा उरत नाही, जुना होतो. या परीक्षेची तयारी उत्तर झाकूनच करावी लागेल. यात व्यवहार आणि शिक्षण निदान एका बाजूला आले आहेत.

हे सगळे शाळेपुरते असते तर एवढी चर्चा करायचे कारण नव्हते. पूर्वपरीक्षेला बसणारा पंचविशीतला तरुण चार पर्यायांतून एक निवडण्यात तरबेज होतो, पण नोकरीत गेल्यावर समोर येणाऱ्या कागदावर पर्याय छापलेले नसतात. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळण्याची त्यात तरतूद आहे. पण अर्ज करणाऱ्याला प्रश्न नेमका मांडता यावा लागतो, मत नव्हे तर नोंद मागावी लागते. बारा वर्षे दुसऱ्याच्या प्रश्नांची तिसऱ्याने लिहिलेली उत्तरे वाचलेल्या माणसाला हे जड जाते, आणि दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. प्रश्नापाशी थांबण्याचा वेळ ज्याला मिळाला, त्याच्याच मनात दुसरा, स्वतःचा प्रश्न उगवतो. आता तर गणित फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरले की पायऱ्यांसकट सुटते, आणि छापील कुंजीत नजर खाली न्यायला निदान जो क्षण लागायचा, तोही उरलेला नाही. यंत्राला बंदी घालून हे थांबणार नाही. उशीर आता घरात आणि वर्गात ठरवून करावा लागेल: आधी वहीत चुकीचे का होईना, स्वतःचे उत्तर, नंतरच पुस्तक, फोन किंवा मास्तर. प्रकाशकाने उत्तरे शेवटच्या पानांवर न्यावीत, गणिते मिसळून छापावीत आणि प्रत्येक प्रकरणाला एक असा प्रश्न ठेवावा ज्याचे उत्तर छापताच येणार नाही, कारण ते मुलाच्या गच्चीवर, प्रभागात किंवा बाजारात आहे. मंडळाने अशा एका प्रश्नाला पाच गुण ठेवले तर खजुरी बाजार बाकीचे काम आपणहून करील.