मनी आणि आपला रस्सा

चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उतरतात आणि आमच्या चिंचवडमध्ये घरोघरी त्याचं वाटण होतं. कांदा, लसूण, खोबरं... त्याशिवाय रस्सा कसला! मग उरलेल्या रश्शात भात कालवून दारातल्या मांजरापुढे ठेवायचा, ही आपली जुनी रीत. मुका जीव उपाशी जाऊ नये, ही भावना मला मोलाची वाटते. पण मांजराला नेमका तोच घास बाधतो.

आमच्या सोसायटीत मनी नावाची एक करडी मांजर आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तिला रोज कोंबडीचा रस्साभात घालत. गेल्या पावसाळ्यात ती जिन्यात नुसती पडून राहू लागली. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी तांबूस. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हिला खायला काय घालता?"

कांद्या-लसणात गंधकाची काही द्रव्यं असतात. त्यांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, तळून, वाळवून हा गुण जात नाही. लक्षणं दिसायला काही दिवस लागतात, म्हणून रश्शाचा संशयही कुणाला येत नाही. मांजराच्या वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम कांद्यानेही रक्तावर परिणाम दिसू शकतो. मास्तरकीची खोड, लगेच गणित मांडलं. ४ किलोची मांजर, २० ग्रॅम कांदा. म्हणजे वाटणाचे जेमतेम दोन चमचे! लसूण तर याहून जहाल.

दूध हे काही विष नव्हे, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. चित्रांच्या पुस्तकांनी आपली समजूत करून दिलीय, दुसरं काय.

मनी पडून होती तेव्हा कुणीतरी सुचवलं होतं, "ताप असेल, अर्धी पॅरासिटामॉल दुधातून द्या." नशीब, दिली नाही. मांजराच्या यकृताला ती पेलत नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

असो. मनी सावरली. वहिनी आता फोडणीआधीच कोंबडीचे दोन तुकडे नुसत्या पाण्यात उकडून, हाडं काढून बाजूला ठेवतात. पहिले दोन दिवस बाईसाहेब हुंगून निघून गेल्या. चटक लागलेली ना झणझणीतची! तिसऱ्या दिवशी मुकाट्याने खाल्लं. आता वॉचमनला तेवढं सांगायचंय, तो रात्री आपल्या डब्यातली भाजी तिला घालतो.