तबकातील देवराई

वामनवृक्षांचा नाद लागलेला मनुष्य आरंभीची काही वर्षे एकेका झाडाच्या लाडात घालवितो. वडाच्या पारंब्या मातीला कधी टेकतील, उंबराचे पान बारीक कधी होईल, अमुक फांदीची तार उतरवावी की आणखी एक पावसाळा राहू द्यावी, या विवंचनांत त्याचे दिवस जातात. आणि कुंड्यांची रांग गच्चीच्या कठड्यावरून जिन्यात व जिन्यातून शेजाऱ्यांच्या हद्दीत शिरू लागली, म्हणजे घरच्या मंडळींची तक्रार रीतसर दाखल होते. माझ्या बाबतीत याहून निराळे घडले नाही. “इतक्या कुंड्या मांडण्यापेक्षा सगळी झाडे एकाच कुंडीत लावा ना!” असे आमच्या सौभाग्यवती एके दिवशी वैतागून म्हणाल्या, तेव्हा नेमक्या याच प्रकाराला जपानात योसे-उए या नावाने मोठी प्रतिष्ठा आहे, आणि गेले कित्येक महिने माझ्या मनात तोच विचार घोळत आहे, ही माहिती मी त्यांना दिली नाही, मुकाट्याने हुकूम मानल्याचे श्रेय तेवढे पदरात पाडून घेतले.

उथळ पात्रात खडक, माती आणि झाडे मांडून निसर्गाचा एखादा तुकडा उभा करण्याची हौस फार पुरातन आहे. चीनमध्ये इ. स. 706 साली बांधलेल्या राजपुत्र झांगहुआई याच्या थडग्यातील भित्तिचित्रांत, लहानसे दगड आणि रोपे मांडलेले तबक हाती धरून चाललेली एक सेवक व्यक्ती रंगविलेली आहे. ही विद्या पुढे जपानात गेली व तेथे तिला व्याकरण लाभले. दुसऱ्या महायुद्धानंतर, जुनी नामांकित झाडे दुर्मीळ व सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेरची झाली असता, तोशिओ कावामोतो यांनी कोवळी, स्वस्त रोपे व साधे दगड घेऊन तबकात अख्खा भूप्रदेश रचण्याचा ‘साईकेई’ हा प्रकार रूढ केला. मला या साऱ्या इतिहासात अधिक जवळचे वाटले ते अमेरिकेतील जपानी वंशाचे जॉन नाका यांचे ‘गोशिन’. 1948 साली हाती घेतलेले आणि पुढे वाढत वाढत अकरा जुनिपरांचे झालेले हे वन नाकांनी 1984 साली तेथील राष्ट्रीय बोन्साय प्रतिष्ठानास अर्पण केले, व ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. अकरा झाडे ही त्यांची अकरा नातवंडे, ही कौटुंबिक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. परंतु माझे लक्ष वेधून घेतले ते दुसऱ्याच गोष्टीने. या रचनेची मूळ प्रेरणा जपानातील एका देवस्थानाजवळ उभे असलेले उंच वृक्षांचे राखीव बन ही होती. देवाच्या नावाने राखलेले बन! ते पाहावयास मावळात राहणाऱ्या माणसाने जपानपर्यंत कशासाठी जावे?

आमच्या वामनवृक्षांच्या वर्गातील बहुतेक मंडळी तबकात पाइनसदृश झाडे लावून, मागे टोकदार दगड उभे करून, परदेशी चित्रांतील दृश्ये वठवीत असत. ते करण्यात गैर काही नाही; पण ज्याने ते पर्वत कधी पाहिलेच नाहीत त्याच्या हातून उतरते ती चित्राची नक्कल असते, वनाची नव्हे. मी मुळशीच्या बाजूच्या एका देवराईत जाऊन बसू लागलो. महाराष्ट्रातील अशा राया वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरीच्या दशकात हिंडून अभ्यासिल्या, तेव्हा त्या सुशिक्षितांच्या नजरेस आल्या. गावकऱ्यांच्या नजरेआड त्या कधीच नव्हत्या. भूमी अभिलेख खात्यात सारी कारकीर्द गेल्यामुळे टिपण घेतल्यावाचून मला एखादी जागा पाहताच येत नाही. कोणते झाड कोणत्या अंगाला झुकले आहे, पहिली फांदी जमिनीपासून किती उंचीवर फुटली आहे, गारंबीच्या वेलाने कोणाचा आधार घेतला आहे, असे मी लिहून घेत असता तेथील गुरव जरा संशयानेच जवळ आला. “मोजणी आली का काय, साहेब?” त्याने विचारले. तसे काही नाही, अशी खात्री पटल्यावर तो माझ्या शेजारी टेकला आणि मी हातात घेऊन निरखीत असलेल्या दगडाकडे पाहून शांतपणे म्हणाला, “बगा, पन ठिवा जागंवर. हितली वाळली काटकीबी न्यायची न्हाई.” मी तो दगड ज्या खळग्यातून उचलला होता त्याच खळग्यात, त्याच कुशीवर, परत ठेवला.

त्या टिपणांनी मला जे शिकविले ते असे. बनाच्या आतली झाडे सरळ, उंच आणि खाली बोडकी असतात, कारण खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही व त्या झडून जातात. कडेची झाडे बाहेरच्या उजेडाकडे झुकतात आणि त्यांच्या फांद्या त्या एकाच अंगाला अगदी खालपर्यंत उतरतात. सर्वांत थोर वृक्ष मध्यभागी क्वचितच असतो. थोराच्या पायाशी त्याची पोरे दाटीने उगवतात, आणि एखादे बी कुठेतरी दूर पडून तेथे दुसरा लहानसा समूह उभा राहतो. या दोहोंमधली जी मोकळी जागा, तिच्यातून पायवाट जाते.

झाडाची निवड करताना मी अंजनाचा मोह टाळला. सह्याद्रीच्या माथ्यावरील रायांत अंजन व जांभूळ यांचे राज्य असते हे खरे, पण अंजनाची वाढ अतिशय मंद, आणि साठी उलटलेल्या माणसाने मंद वाढीच्या झाडावर भिस्त ठेवणे व्यवहाराला धरून नव्हे. नांद्रुक मात्र मुळे कापलेली सोसतो, चीक गाळीत जखम भरून काढतो, आणि मूळची दोन-तीन इंचांची पाने छाटणीने पुष्कळ लहान करून देतो. एकाच जातीची नऊ रोपे घेतली. जाडीने व उंचीने एकही दुसऱ्यासारखे नाही, याची मात्र कसून चौकशी केली. तबक सिमेंटचे, लंबगोल, अडीच फूट लांब आणि जेमतेम दोन इंच खोल करवून घेतले. खोल कुंडीत झाडे कुंडीतलीच दिसतात. तबक उथळ असले म्हणजे काठ नजरेतून सुटतो व जमीन दिसू लागते.

रोहिणीच्या अखेरीस, मृग लागण्यापूर्वी, लागवड केली. तबकाच्या भोकांतून तारा वर काढल्या, त्यांना बांबूच्या कामट्यांची जाळी बांधली, आणि मुळे छाटलेली रोपे त्या जाळीला आवळून पक्की केली. उथळ मातीत झाड नुसते खोचून ठेवले तर पहिल्याच वादळी सरीला आडवे होते. चाळलेला विटांचा खडा, जाड वाळू व कुजलेल्या पाल्याचे खत यांची माती थोरल्या समूहाखाली उंच व पायवाटेकडे उतरती अशी घातली. काठाशी चिकणमातीची बोटभर ताल घातली, म्हणजे पाण्याबरोबर माती वाहून जात नाही.

मांडणीची कसोटी अशी, की समोरून वा बाजूने, कोठूनही पाहिले असता तीन खोडे एका रेषेत येता कामा नयेत. आता, ज्याने तेहतीस फुटांची साखळी ओढीत, दोन झेंड्यांच्या मध्ये तिसरा झेंडा नेमका रेषेत आणण्याचे सरकारी वेतन तीन तपे घेतले, त्याला हा नियम म्हणजे उलटी नोकरीच होय! तरीपण ती जुनी सवय कामास आली. एक डोळा मिटून मी तबकाभोवती फिरे, आणि जेथे तिसरे खोड दुसऱ्याआड सरळ जाऊन उभे राही तेथे त्याला जरासा ढकलून हद्दीबाहेर काढी. लहान झाडे पाठीमागे लावली; ती लहान असल्यामुळे दूर वाटतात व दीड फूट रुंदीच्या तबकाला खोली येते. पायवाट पुढे रुंद, मागे निमुळती, आणि थोरल्या खोडाआड वळून दिसेनाशी होणारी अशी ठेवली. बाजारात अशा रचनांसाठी मातीचे चिमुकले देव्हारे, पूल, टोपीवाले कोळी मिळतात. त्यांतील एकही मी आणला नाही, कोणी आणून दिला तर मांडला नाही. वनाचे प्रमाण वनानेच सिद्ध करावे. बाहुला ठेवून ते सांगावे लागत असेल तर रचनेत उणीव आहे, असे माझे मत आहे.

खडकांच्या बाबतीत सह्याद्रीने माझे काम सोपे केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचा हा काळा पाषाण तयार झाला, आणि म्हणून आपल्या डोंगरांच्या अंगावरील रेघा बहुतांशी आडव्या असतात. सुळके आपल्याकडेही आहेत, पण राईजवळचा कातळ पायऱ्यापायऱ्यांनी बसलेला असतो. एका परिचिताच्या शेतात विहिरीचे खोदकाम चालू होते. त्याच्या संमतीने मी ढिगातून चार दगड निवडून आणले. त्यांतील एकाचे अंग झिजून कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत होते, आणि अशा दगडाच्या भेगांत माती धरते म्हणून तोच मुख्य ठरला. चारी दगड एकाच खोदकामातले, एकाच रंगाचे. त्यांच्या रेघा एकाच दिशेला. आणि प्रत्येकाचा निदान तिसरा हिस्सा मातीखाली. मातीवर नुसता ठेवलेला दगड कोणीतरी आणून ठेवल्यासारखाच दिसतो, पुरलेला दगड खालच्या कातळाचे वर आलेले टोक वाटतो. ओढ्यातले गुळगुळीत गोटे मला कोणी देऊ केले होते, पण ज्या तबकात ओढा नाही तेथे ते कोणत्या पुराने आणले, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नसल्यामुळे मी ते साभार परत केले.

शेवाळासाठी आषाढाची वाट पाहावी लागली. या वनस्पतीला खरी मुळे नसतात, मूलाभ असतात. ते तिला केवळ धरून ठेवतात, आणि पाणी ती सर्वांगाने पिते. म्हणूनच उन्हाळ्यात कोळपून तपकिरी झालेली शेवाळाची खपली मेलेली भासते, पण पहिल्या सरीनंतर घटकाभरात हिरवी होऊ लागते. माझी सारी भरती घरच्याच मुलुखातून झाली: गच्चीच्या कठड्याची उत्तर बाजू, मोरीमागची विटांची भिंत, जुन्या हौदाचा काठ. किल्ल्यांच्या तटावरून शेवाळ खरवडून आणणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना काय म्हणावे हे सभ्य भाषेत सांगता येत नाही. पातळ पात्याच्या सुरीने खपली उचलावी, खालची माती धुऊन काढावी, ओल्या मातीवर बोटांनी दाबून बसवावी व कडा खाली दुमडून घ्याव्यात, इतकीच कृती आहे. परंतु कोणते शेवाळ कोठे, यात सगळे कसब. कठड्यावरचे उन्हातले शेवाळ आखूड, दाट व मखमली. ते उताराच्या माथ्यावर. हौदाकाठचे सावलीतले उंच व सैल. ते खडकाच्या बुडाशी आणि झाडांच्या पायथ्याला, जेथे ते झुडपांची भूमिका बजावते. भेगांत मी वाळवून चुरलेल्या शेवाळाची पूड मातीत कालवून भरली. ती उगवायला पावसाळा उलटला, पण जी हिरवी रेघ उमटली ती हाताने लावून कधीच साधली नसती.

आणि सगळी जमीन झाकावयाची नाही. गालिचा अंथरल्यागत हिरवेगार केलेले तबक प्रदर्शनात पारितोषिके मिळविते हे मला ठाऊक आहे, पण राईत असे कोठेही नसते. दाट झाडांखाली पाचोळा असतो, पायवाटेवर उघडी माती असते, व शेवाळ असते ते मधूनमधून. शिवाय संपूर्ण आच्छादनाखाली माती ओली की सुकी हे समजत नाही, आणि खोडावर चढलेले शेवाळ साल सतत भिजत ठेवून कुजविते. साळुंक्या किड्यांच्या शोधात ताजे शेवाळ उपटून टाकतात, म्हणून पहिले काही आठवडे जाळी घालावी लागली. आमच्या कूपनलिकेचे पाणी जड. त्याने खडकावर व शेवाळावर क्षारांचा पांढरा शेरा उमटतो. म्हणून पावसाचे पाणी पिंपात साठविण्याचा बंदोबस्त केला आहे.

दुसऱ्या वर्षी मागच्या कोपऱ्यातील एक नांद्रुक वाळला. वर्गाच्या बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या असून विद्येने माझ्या गुरू आहेत, त्या पाहावयास आल्या असता प्रथम त्यावरच बोट ठेवून म्हणाल्या, “काका, हे वाळलेले काढायचे राहिले वाटते?” मी त्यांना गुरवाचा कायदा सांगितला. त्या थोडा वेळ खाली वाकून, डोळे तबकाच्या पातळीवर आणून, पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मग त्याच्या बुंध्याशी पाचोळा वाढवा. आणि साल आपोआप गळू द्या, सोलू नका.” तसे केले आहे. जिवंत आठांपैकी पुढच्या दोघांची मुळे एकमेकांत रुतून आता सांधू लागली आहेत; नांद्रुकाच्या कुळात हे व्हायचेच, आणि पुढेमागे ती दोन झाडे वेगळी करणे कोणालाही शक्य होणार नाही.

ज्या कोणाला अशी राई उभी करावयाची असेल त्याने रोपे वैशाखातच जमवून ठेवावीत, आणि रोपवाटिकेच्या दर्शनी भागात मांडलेली, एका उंचीची, एका जाडीची रोपे मुळीच घेऊ नयेत. मागच्या बाजूस, खताच्या ढिगाशेजारी, वाकडी, बुटकी, एकाच अंगाला वाढलेली, मालकाने हिशेबातून वजा केलेली रोपे पडलेली असतात, ती मागावीत. तीच या कामाची, आणि निम्म्या किमतीत मिळतात.