डबा घेऊन कळसूबाईला!

शुक्रवारी ऑफिसमधून सुटायचं आणि रात्रीच कळसूबाईसाठी निघायचं, हा आमच्या ग्रुपचा दरवर्षीचा प्रोग्रॅम. पुणे-संगमनेर-अकोले-राजूर करत बारी गाव गाठायचं आणि उजाडायच्या आत चढायला लागायचं. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हे १,६४६ मीटरचं शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. लोखंडी शिड्यांवर भलेभले जिमवाले गप्प होतात!

गेल्या वर्षी मात्र मीच गप्प झाले. माथ्यावर देवीच्या देवळाजवळ फॉईलच्या डब्यातला पुलाव हाणला आणि रिकामा डबा हळूच दगडाआड सरकवला. उतरताना भजीवाल्या मावशी पोत्यात असलाच कचरा गोळा करताना दिसल्या. "यातलं एखादं तुमचं बी असंल बाई," म्हणत हसल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

गंमत म्हणजे हा अकोले तालुका. मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरसारखेच इथूनही गेलेले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेलं हे काम. भरलेला डबा ऑफिसात जातो, रिकामा घरी येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. फेकायचं काहीच नाही! इकडची माणसं शहरातला डबा घरी परत नेतात आणि आपण त्यांच्या डोंगरावर टाकून येतो. तेही १९८६ पासून अभयारण्य असलेल्या जागी.

राज्यात थर्माकोलच्या प्लेट्सवर २०१८ मध्ये बंदी आली, पण सवयीवर बंदी कोण घालणार? म्हणून यंदा घट्ट झाकणाचे तीन स्टीलचे डबे घेतले. "काय गं, ऑफिसला निघालीस?" ग्रुपने यथेच्छ खेचली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. रस्साच नाही, तर सांडणार काय? डबे तिघांच्या सॅकमध्ये वाटले, ओझं जाणवलं नाही. उतरताना रिकाम्या डब्यांत बिस्किटांचे कागद आणि चॉकलेटची वेष्टनं भरली. पुढच्या ट्रेकला ट्राय करून बघा, सोप्पंय.

वाटेत मावशींकडे गरम भजी घेतली. कागदाऐवजी डब्याचं झाकण पुढे केलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन भजी जास्त टाकली. ओळखलं का, हे विचारायचं धाडस काही झालं नाही.