उसनं घेण्याची रीत

नोकरीतलं जे थोडंफार शहाणपण माझ्याकडे आहे, त्यातलं बरंचसं जबलपूरच्या एका मास्तरांचं आहे.

बीएसएनएलने प्रशिक्षणाला पाठवलं ते १९४२ पासून दूरसंचारवाले घडवणाऱ्या तिथल्या संस्थेत. आता तिला डॉ. बाबासाहेबांचं नाव आहे. सर जबलपूरचेच मराठी. वर्गात हिंदी, बाहेर माझ्याशी हिंदीच्या वळणाची मराठी. तेव्हा वायमॅक्सचा बोलबाला होता. बिनतारी ब्रॉडबँड शिकायला उत्सुक असलेल्या आमच्यापुढे सरांनी ठेवलं डॉक्सिस, म्हणजे केबल टीव्हीच्या तारेतून इंटरनेट पोचवणारं १९९७ चं तंत्र.

एका तारेवर अनेक घरं. सगळे मोडेम एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येणार नाही. म्हणून मोडेमने आधी वेळ मागायची, केबलच्या मुख्य केंद्राने, म्हणजे हेडएंडने, ती वाटून द्यायची. लांबच्या मोडेमने जरा आधी आणि जरा मोठ्याने बोलायचं. सरांनी हे सगळं आमच्याकडून वर्गातच करवून घेतलं, मागच्या बाकासकट. मग म्हणाले, "हवा पण सामाईकच आहे ना रे? वायमॅक्सचं ८०२.१६ हे मानक लिहिणाऱ्यांनी ही शिस्त इथूनच उचलली."

उचलणं कुठे थांबवायचं, ते त्यांनी एका रविवारी मदनमहालच्या टेकडीवर दाखवलं. समोर उतरणीवर मोठमोठे काळे खडक. तारेच्या वाटेत असलं काही येत नाही. हवेत मात्र खडकावर आपटलेला सिग्नल उशिरा पोचतो आणि मूळ सिग्नलमध्ये कालवाकालव करतो. म्हणून एक रुंद प्रवाह शेकडो बारीक उपवाहकांत वाटायचा. ही युक्तीही टेलिफोनच्या तारेवरच्या एडीएसएलमध्ये आधीच रुळलेली! पण टॉवरजवळच्या घराला ६४-क्यूएएम ही वेगवान पद्धत आणि लांबच्याला सावकाश, दणकट क्यूपीएसके, तेही सिग्नलची स्थिती पाहून क्षणाक्षणाला बदलत, हे खास हवेसाठी जोडावं लागलं. केबलवर एका वाहिनीतून सगळ्या घरांना एकच माप चालत असे.

अशा भटकंतीवरून परत येताना सर घरी जेवायला नेत. काकू आग्रहाने वाढत आणि सर ताटाशेजारी कागद ठेवून आकृत्या काढत. यातलं काहीच त्यांच्या कामाच्या तासांत मोडत नव्हतं.

२०२३ मध्ये ५जीवरून घरोघरी बिनतारी इंटरनेट पोचवणारं एअरफायबर आलं, तेव्हा कनिष्ठ सहकारी माहितीपत्रकातला वेग वाचत होते. मी विचारलं, यात तारेकडून घेतलेलं काय आणि हवेमुळे नव्याने करावं लागलेलं काय? उत्तर शोधता शोधता त्यांची दुपार गेली. प्रश्न सरांचा होता, हे मी त्यांना सांगितलं. उसनं घ्यावं, पण कुणाकडून घेतलं ते लपवू नये, हेही सरांचंच.