अळूच्या कुळांतलें फूल

कळंब हें वसई तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. सुरूच्या बनापलीकडे समुद्र आणि अलीकडे वाड्या. आमच्या वाडींत मोगरा, चाफा आणि लिली हीं फुलें होतात. भल्या पहाटे लिलीच्या कळ्या खुडावयाच्या, त्यांच्या जुड्या बांधावयाच्या आणि नालासोपाऱ्याहून गाडीनें दादरच्या बाजारांत पाठवावयाच्या, हा आमच्या घरचा नित्यक्रम. या सर्व कामाचीं सूत्रें आमच्या थोरल्या काकूंच्या हातीं होतीं. काकूंना ऐन पंचविशींत वैधव्य आलें. त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षें त्यांनीं देवाला हार केले, घरांतल्या लेकीसुनांना गजरे केले. स्वतःच्या केसांत मात्र एक कळीहि माळली नाहीं. माळूं नका असें त्यांना आमच्यापैकीं कोणी म्हटलें नव्हतें हें खरें. पण माळा, असेंहि कधीं कोणी म्हटलें नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं शेजारच्या वाडींतील ख्रिस्ती कुटुंबांत मुलीचें लग्न होतें. त्या घरच्या बाई आणि आमच्या काकू यांचा चाळीस वर्षांचा घरोबा. तेव्हां काकू अगत्यानें गेल्या. नवरीच्या हातांत पांढऱ्या शुभ्र फुलांचा गुच्छ होता. लांब हिरवा देंठ, त्यावर द्रोणासारखी वळलेली एकच पाकळी आणि मध्यें पिवळा दांडा. बरोबरच्या मुली ‘कॅला लिली’ म्हणून त्यांचें कौतुक करीत होत्या. काकूंनीं फूल जवळून निरखलें आणि हंसून म्हणाल्या, “अगं, ही कसली लिली? हा तर आपला अळू!” सारा मांडव हंसला. नवरीनें गुच्छांतलें एक फूल काढून काकूंच्या हातांत दिलें. काकूंनीं तें घरीं आणून आपल्या खोलींत तांब्यांत ठेविलें. आठवडाभर तें टिकलें, आणि आठवडाभर त्या रोज त्याचें पाणी बदलीत होत्या.

आम्हीं कुतूहलानें पुस्तकें उघडलीं, तों काकूंचेंच म्हणणें खरें निघालें. कॅला लिली ही लिलीच्या कुळांतली नव्हेच; ती अळूच्या आणि सुरणाच्या कुळांतली. जिला आपण पाकळी समजतों तें वस्तुतः एक रूपांतर पावलेलें पान होय. खरीं फुलें म्हणजे त्या पिवळ्या दांड्यावर दाटीवाटीनें बसलेले बारीक कण. अळूप्रमाणेंच तिच्याहि अंगांत घशाला खाज आणणारे सूक्ष्म स्फटिक असतात. तिच्या शास्त्रीय नांवांत इथिओपियाचा उल्लेख असला, तरी तिचें माहेर दक्षिण आफ्रिका. तेथें ती पाणथळ जागीं आपोआप वाढते, आणि तेथील आफ्रिकान्स भाषेंत तिला ‘डुकराचा कान’ असें नांव आहे! तीच युरोपांत गेल्यावर वधूच्या हातीं निष्कलंकतेचें चिन्ह झाली आणि शवपेटीवर पुनरुत्थानाच्या आशेचें. आयर्लंडमध्यें १९१६ सालच्या ईस्टरच्या उठावांत जे पडले, त्यांच्या स्मरणार्थ १९२६ पासून लोक याच फुलाची आकृती छातीवर लावूं लागले. एकच फूल, कोणाला तण, कोणाला लग्न, कोणाला मरण, कोणाला देश.

हें सारें ज्ञान आमच्यापाशीं होतें. तें प्रसंगीं उपयोगीं पडलें नाहीं, हीच सांगावयाची गोष्ट आहे.

गेल्या वर्षीं काकू गेल्या. रात्रींच वार्ता कळली होती, म्हणून शेजारच्या बाईंनीं पहाटे मुलाला दादरला धाडून कॅला लिलीचीं फुलें आणविलीं, आणि तीं काकूंच्या अंगावर ठेवावीं म्हणून त्या पुढें झाल्या. आमच्या वडील मंडळींत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाले, “हीं लग्नांतलीं फुलें, विधवेच्या देहावर कशीं ठेवावयाचीं?” दुसरे म्हणाले, “हीं त्यांच्या प्रेतांवरचीं फुलें, आपल्यांत कशीं चालतील?” दोन्ही आक्षेप परस्परविरुद्ध, निकाल मात्र एकच. आम्ही तेथेंच उभे होतों. आम्ही एक शब्दहि बोललों नाहीं. बाईंनीं तीं फुलें मुकाट्यानें तुळशीपाशीं ठेविलीं आणि त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

वर्षश्राद्धाच्या दिवशीं पानावर रीतीप्रमाणें अळूची भाजी आली, आणि घास हातांतच राहिला. हाच अळू आमच्या प्रत्येक लग्नाच्या पंक्तींत असतो. मंगल कार्यांतहि तो हवा, पितरांच्या पानावरहि तो हवा. तूं शुभ कीं अशुभ, असें त्याला आजवर कोणी विचारलें नाहीं. मग त्याच्याच कुळांतल्या फुलाला तें आम्हीं कां विचारलें? शिवाय बाईंनीं तीं फुलें आणलीं, तीं लग्नाचीं म्हणून नव्हे आणि मरणाचींहि म्हणून नव्हे. वैधव्यानंतरच्या पन्नास वर्षांत काकूंनीं स्वतःसाठीं म्हणून घेतलेलें एकुलतें एक फूल कोणतें, हें त्यांना आठवत होतें. आम्हां घरच्यांना तें आठवलें नाहीं.

त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्ही त्यांच्याकडे गेलों आणि झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “जाऊं द्या. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, अळूसाठीं एवढे पैसे कशाला घातलेस?” मग आम्ही दोघेंहि हंसलों, आणि दोघांचेहि डोळे भरून आले.

कॅला लिली आमच्या वाडींत रुजावयाची नाहीं. तिला गारवा लागतो. निलगिरीच्या पठारावर ती आनंदानें वाढते, कळंबच्या उकाड्यांत नाहीं. तेव्हां प्रायश्चित्त म्हणून झाड लावण्याचीहि सोय राहिली नाहीं. वाचकांच्या घरींहि अशा एखाद्या काकू, आत्या, आजी असतील. देवाचा हार करीत त्या आज ओटीवर बसल्या असतील. फुलांचे अर्थ पुस्तकांत सांपडतात. पण त्यांना कोणतें फूल आवडतें, हें मात्र त्यांनाच विचारावें लागतें, आणि तें त्या ओटीवर आहेत तोंवरच.