३७-२१चं पोस्टमॉर्टेम

अटीतटीची मॅच जिंकली की बोलायला ढीगभर विषय मिळतात. शेवटची चढाई, शेवटचा सेकंद, पंचांचा निर्णय... रात्र पुरत नाही. पण मॅच एकदम एकतर्फी झाली तर? आपली टीम जिंकली, तीही समोरच्याला धुऊन काढून. आता यावर काय बोलणार, कप्पाळ? तुम्हाला असं वाटत असेल तर बॉस, तुम्ही अजून कबड्डीच्या अस्सल फॅन्समध्ये बसलेला नाहीत.

तारीख २८ फेब्रुवारी २०२४. प्रो कबड्डीच्या दहाव्या सीझनची सेमीफायनल, हैदराबादचं गच्चीबोली स्टेडियम. पुणेरी पलटण ३७, पाटणा पायरेट्स २१. तब्बल सोळा गुणांचा फरक. मॅच संपायच्या बरीच आधी मॅच संपलेली होती.

पुणेकर फॅनला हा आकडा इतका गोड का लागला, त्याला हिस्टरी आहे. पाटण्यानं लागोपाठ तीन वेळा प्रो कबड्डी जिंकली, आणि तिन्ही वेळा वाटेत प्ले-ऑफमध्ये पुण्याला उचलून बाहेर टाकलं. मार्च २०१६मध्ये ४०-२१. त्याच वर्षी जुलैमध्ये ३७-३३. ऑक्टोबर २०१७मध्ये ४२-३२. म्हणजे पहिल्या वेळी पुणे २१वर अडकलं होतं आणि आठ वर्षांनी पाटणा २१वर अडकलं. असा हिशोब चुकता झाल्यावर पुण्यातल्या टपऱ्यांवर त्या रात्री काय माहोल असेल, याची कल्पना करा.

मी मात्र तेव्हा पुण्यात नव्हतो. लग्नासाठी आजोळी गेलो होतो, भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यात. मॅच पाहिली ती मामांच्या घरच्या टीव्हीवर, आणि पोस्टमॉर्टेम झालं ते गावच्या पानठेल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, भंडाऱ्यात पुणे-पाटण्याचं कोणाला काय पडलंय? बरोबर आहे. २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्राच्या टीम दोनच, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. विदर्भाची टीम नाही. त्यामुळे इथला फॅन शहर बघून टीम निवडत नाही, खेळाडू बघून निवडतो. आणि कबड्डी इथं टीव्हीवरून आलेली नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार होते, धान घरात येतो आणि मग हॅलोजनच्या उजेडात कबड्डीच्या टुर्नामेंट सुरू होतात. पानठेल्यावर उभ्या असलेल्या दहा जणांपैकी निम्म्यांच्या तरी गुडघ्यावर त्या मातीची खूण आहे. ही मंडळी मॅच बघत नाहीत, तपासतात.

मॅच संपून दहा मिनिटं झाली नसतील, तोवर तीन पार्ट्या पडल्या.

पहिली पार्टी पैशाची. त्यांचा फंडा क्लिअर होता. पुण्यानं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला लिलावात २ कोटी ३५ लाख मोजून घेतलं, मग जिंकणार नाहीत तर काय? मजा अशी, की हा शादलू त्याआधी पाटण्याचाच होता. पाटण्यानं सोडला, पुण्यानं उचलला. ज्या कंपनीनं जाऊ दिलं, तिच्याच समोर दुसऱ्या कंपनीच्या जर्सीत उभं राहायचं... तुमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांचं हेच स्वप्न असेल!

दुसरी पार्टी दमछाकीची. पुणे गुणतक्त्यात पहिलं, म्हणून थेट सेमीफायनलला. पाटणा मात्र दोनच दिवस आधी, २६ तारखेला, दबंग दिल्लीशी शेवटपर्यंत झुंजून ३७-३५नं वाचलं होतं. “थकून गेले होते गा पोट्टे,” एकानं तोंडातला खर्रा सांभाळत निकाल दिला.

तिसरी पार्टी म्हणत होती, पाटण्याचा तो पाटणा राहिलाच नाही. या पार्टीचं म्हणणं कळायला प्रदीप नरवाल आठवायला हवा. २३ ऑक्टोबर २०१७, मुंबईतला एनएससीआय डोम, एलिमिनेटर मॅच. पाटणा ६९, हरियाणा स्टीलर्स ३०. प्रदीपचे एकट्याचे ३४ गुण! म्हणजे एका माणसानं अख्ख्या टीमपेक्षा जास्त कमावले. त्याची ती डुबकी, खाली वाकून पकडीच्या साखळीखालून सुळकन निसटणं, त्यानंतर किती गावांतल्या किती पोरांनी गुडघे फोडून घेतले असतील, मोजदाद नाही. माझा मामेभाऊ त्यातलाच एक. प्रदीपनं पाटणा सोडलं, यानं नाही सोडलं. २८ तारखेच्या त्या रात्री पानठेल्यावर तो गप्प उभा होता.

पण ३७-२१ ही ६९-३०सारखी मॅच नव्हतीच. पुण्याकडून कुणी एकट्यानं खेचून नेलं नाही. कप्तान अस्लम इनामदार, पंकज मोहिते, पकडीला शादलू... गुण वाटले गेले. मग एवढा फरक पडला कसा? इथं माझे धाकटे मामा बोलायला लागले. त्यांच्या तरुणपणी ते कोपऱ्यात खेळायचे.

“तुमी सारे पुण्याकडे पाहून राह्यले. पाटण्याच्या बाकावर कोन बसून हाय, ते पाहा ना जी.”

मामांचा मुद्दा असा. कबड्डीत मागे पडणं आपोआप वाढत जातं. तुमचा खेळाडू बाद झाला की तो बाहेर. तो परत कधी येणार? तुमच्या टीमनं समोरच्याचा एक गडी बाद केला तर. बोनसचा गुण मिळाला तरी कोणी आत येत नाही. समजा तुमचा हुकमी चढाईपटूच बाहेर बसलाय. मग गडी बाद करायचा कोणी? ज्यानं करायचा तोच बाहेर! इकडे बचावात सातचे पाच होतात, पाचाचे तीन. साखळीच बनत नाही. तिघांवर आल्यावर एखादी सुपर टॅकल लागली तर एक गुण जास्तीचा मिळतो, पण ती लागायला काळीज लागतं. नाहीतर सगळे बाद, लोण, आणि समोरच्याला वरचे दोन गुण बक्षीस.

म्हणून सोळाचा फरक म्हणजे सोळापट कमी खेळणं नव्हे. दोन-चार चढाया चुकल्या, चुकीची माणसं एकाच वेळी बाहेर बसली, बाकीचं काम खेळाचे नियमच करतात.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं पुण्यातल्या माझ्या रूममेटला फोनवर ऐकवलं. तो एनबीएवेडा. पहाटेचा अलार्म लावून बास्केटबॉल बघणारी जमात! त्यानं लगेच २००९ काढलं. २७ एप्रिल, प्ले-ऑफची चौथी मॅच, डेन्व्हर नगेट्स १२१, न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्स ६३. अठ्ठावन्नचा फरक, आणि तोही न्यू ऑर्लिन्सच्या होम ग्राउंडवर. १९५६ सालच्या मिनिआपोलिस लेकर्सच्या १३३-७५शी बरोबरी करणारा. त्याचं म्हणणं एवढंच, की तिथं असं धुतलं तरी ती सात मॅचच्या सिरीजमधली एकच मॅच धरतात. अठ्ठावन्ननं हरा नाहीतर एकानं, पुढच्या मॅचला बोर्डावर शून्य-शून्य.

प्रो कबड्डीच्या प्ले-ऑफमध्ये तेव्हा ती सोय नव्हती. त्या सीझनला साखळीत सात किंवा कमी गुणांनी हरलात तर एक गुण हाती लागायचा, म्हणजे कितीनं हरलात याला किंमत होती. प्ले-ऑफला मात्र तेव्हा कितीनंही हरलात तरी बॅगच भरावी लागायची. तरी लोक आकडा लक्षात ठेवतात. हरणाऱ्याच्या नावापुढे तो चिकटतो.

आणि त्या रात्री पानठेल्यावर कोणाच्या नावापुढे आकडा चिकटला होता, ते मला उशिरा कळलं.

जानेवारीत शेजारच्या गावच्या टुर्नामेंटला मामेभावाची टीम सेमीफायनलला गेली होती. ४१-१२नं हरली. मामेभाऊ डाव्या कोपऱ्याला. पहिल्याच चढाईत तो सापडला, आणि गावानं सगळं बिल त्याच्या नावावर फाडलं. “डावा कोपरा उघडा होता”, बस! महिनाभर हेच. त्यानं खेळायचं बंद केलं होतं. पुढची जिल्ह्याची निवड चाचणीही देणार नाही म्हणून घरी सांगून मोकळा झाला होता.

शहरात बसून हे छोटं वाटेल. इथं नाही. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला गावच्या टुर्नामेंटची ट्रॉफी चालत नाही. अधिकृत स्पर्धा लागतात, ठरावीक पातळीवरची कामगिरी लागते. तिकडे जायची पहिली पायरी म्हणजे जिल्ह्याची टीम. ती पायरीच तो स्वतःहून पुसून टाकत होता, एका रात्रीच्या स्कोअरसाठी.

पाटण्याचं पोस्टमॉर्टेम संपल्यावर मामांनी ठेल्यावरची काडेपेटी उचलली. फळीवर सात काड्या मांडल्या. मामेभावाला म्हणाले, “आता तुही मॅच सांग.”

“काय सांगू काकाजी? ४१-१२.”

“ते सारं गाव सांगून राह्यलं. तू पयले बाहेर केव्हा गेला?”

“पयल्याच चढाईत.”

एक काडी बाजूला. “परत केव्हा आला?”

“लोण बसला तवा. आठ-नऊ मिंटांनी.”

“म्हंजे तेवढा वेळ तू बाहेर. तुमच्या टीमनं एक गडी नाही मारला म्हून तू बाहेर. त्या आठ-नऊ मिंटांत डाव्या कोपऱ्यात कोन होता?”

दुसराच कोणी होता. मामा एकेक चढाई विचारत गेले. गर्दीतले दोघं-तिघं ती मॅच पाहून आलेले, ते दुरुस्त्या सांगत होते, भांडत होते. काड्या आत-बाहेर होत होत्या. शेवटी बेरीज निघाली. ४१मधले ६ गुण नुसते तीन लोणांचे. उरले ३५. त्यातले त्यांच्याच चढाईपटूंच्या पकडीत गेलेले वेगळे, बोनसचे वेगळे, उजव्या कोपऱ्यातून गेलेले वेगळे. मामेभावाच्या खात्यात आले सात.

“सात तुहे,” मामा म्हणाले. “तेवढेच घे. बाकीचे घरी काऊन घेऊन चालला?”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ठेलेवाल्यानं काड्या गोळा करून पेटीत भरल्या, कारण त्याला त्या विकायच्या होत्या.

मी पुण्याला परत आलो आणि या प्रकरणाचा विचार करत राहिलो. आपणही ऑफिसात एकतर्फी हरतोच की. क्वार्टरचं टार्गेट जातं, प्रोजेक्ट झोपतो, क्लायंट निघून जातो. मग मीटिंगमध्ये एकच मोठा आकडा स्क्रीनवर येतो आणि खोलीतल्या सगळ्या नजरा पहिल्या चढाईत सापडलेल्या माणसाकडे वळतात. कोण किती वेळ बाकावर होतं, कोणाला आत आणायचं काम कोणाचं होतं, हे विचारायला तिथं काडेपेटी घेऊन कोणी बसत नाही. आपल्याला वाटतं, विश्लेषण म्हणजे टाइमपास, जिंकलेल्याचं कौतुक नाहीतर हरलेल्याची उडवायची. नीट केलं तर तो हिशोब असतो. त्यात तुमचे सात सुटत नाहीत, पण ते एक्केचाळीसही होत नाहीत.

कबड्डीत आणखी एक गंमत आहे, जी मामांनी जाता जाता सांगितली. शेवटचा एकटा गडी उरला आणि सुटण्याची आशा दिसत नसली, की हुशार टीम कधी कधी वेळ काढत बसत नाही, लोण घेऊन टाकते. दोन गुण जातात, पण सातही जण मैदानात परत येतात.

पुढचं थोडक्यात. पुण्यानं १ मार्च २०२४ला फायनलमध्ये हरियाणाला २८-२५नं हरवलं आणि पहिल्यांदा ट्रॉफी उचलली. पुढच्या सीझनला शादलू हरियाणाकडे गेला. २९ डिसेंबर २०२४ला पुण्यातच, बालेवाडीला, हरियाणानं फायनल जिंकली. समोर कोण? पाटणा. स्कोअर ३२-२३. होय, तीच हरियाणा, जिला याच पाटण्यानं ६९-३०नं तुडवलं होतं.

मामेभावानं निवड चाचणी दिली. राखीव खेळाडूंत नाव आलं, म्हणजे अजून बरंच बाकी आहे. भरतीचं मैदानही सुरू आहे, पहाटे पळणंही.

बालेवाडीची फायनल संपल्यावर त्याचा फोन आला. मला वाटलं, पाटणा हरलं म्हणून वैतागला असेल, दोन शब्द धीराचे बोलावेत. त्यानं मला बोलूच दिलं नाही.

“भाऊ, त्या ३२मधले पाटण्याच्या कोपऱ्यांतून किती गेले, सांग बरं.”

मी मोजले नव्हते. त्यानं मोजले होते.